डोह का बंद होता

जाळ्यात आलेला दिवसाचा पहिला मासा धोंडीमामा पाण्यात परत सोडायचे. मरळ असो, वाम असो की बोटभर लांबीचं काही असो. दोन्ही हातांत धरून तो डोहाला दाखवायचा, "तुजं तुला" म्हणायचं आणि सोडून द्यायचा. त्यानंतर जे मिळेल ते माणसांचं. ही भक्ती होती, खोड होती की नुसती सवय, हे मला पाच वर्षांत ठरवता आलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "ज्याच्या घरचं खायचं त्याला आदी वाढावं का न्हाई?" आणि असं बघायचे, की आपण आईबापांनी काही शिकवलेलं नाही असं वाटून जीव शरमायचा.

मी तेव्हा मामलेदार कचेरीत कारकून होतो. प्रवरेच्या एका काठाला कचेरी आणि दुसऱ्या काठाला मी भाड्याने घेतलेली खोली. मधे नदी, आणि नदीवर धोंडीमामांची नाव. म्हणजे सकाळ-संध्याकाळ हा माणूस माझ्या वाट्याला होता. पहिल्याच दिवशी मी नव्या नोकरीच्या तोऱ्यात त्यांना "काय रे धोंड्या" अशी हाक मारली होती, कारण कचेरीत सगळे तसंच म्हणत. नाव मध्यावर आल्यावर त्यांनी वल्हं आडवं ठेवलं आणि मला विचारलं, "भाऊसाहेब, तुमचं वय काय?" मी तेवीस सांगितलं. "माजा थोरला तुमच्याच वयाचा हाय," एवढं बोलून ते परत वल्हं मारायला लागले. पलीकडे उतरेपर्यंत मी त्यांना मामा म्हणायला लागलो होतो.

हा थोरला म्हणजे रामा. धाकटा असा कोणी नव्हताच, तरी ते त्याला थोरलाच म्हणायचे. भोयांच्या त्या वाडीत पंधरा-वीस घरं असतील. बाया चुरमुरे-फुटाणे भाजून बाजारात न्यायच्या आणि पुरुष मासे धरायचे. घाटापासून थोडं खाली नदी वळते, तिथे एक खोल डोह आहे. काठावर शेंदूर फासलेला धोंडा आहे, म्हणून त्याला शेंदऱ्या म्हणतात. उन्हाळ्यात नदीचा वाळूचा पट्टा होतो तेव्हाही शेंदऱ्यात पाणी असतं आणि वाडीचं पोट त्याच पाण्यावर चालायचं. डोह किती खोल आहे, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर मामा म्हणाले, बाईला वय आणि डोहाला खोली विचारू नये, दोघंही खोटं सांगतात.

माझी अम्मी एकदा टायफॉइडमधून उठली. हकीम म्हणाले, मरळीचं कालवण द्या, ताकद येईल. मी मामांना सांगितलं आणि उद्या घेऊन येतो असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणूस दारात उभा, कमरेपर्यंत भिजलेला आणि हात रिकामे. दिवसभरात एकच मरळ लागली होती. ती पहिली होती, म्हणून सोडून दिली. मला असा संताप आला, की मी त्यांना घरात या असंही म्हटलं नाही. आजारी म्हातारी मोठी की तुमचा डोह मोठा, असं काहीबाही बोललो. ते खाली मान घालून ऐकत राहिले. जाताना म्हणाले, "येकच लागली हुती, असं सांगायला आलो. लागलीच न्हाई असं बी सांगता आलं असतं." तिसऱ्या दिवशी दोन मरळी घेऊन आले. अम्मीने कालवण खाल्लं आणि बरीही झाली. पुढे ती मला सारखी म्हणायची, की तुझ्या कचेरीत इतकी माणसं शपथ घेतात, त्यांतला एक तरी या भोयासारखा आहे का? मी हसण्यावारी न्यायचो.

त्यांची आणखी एक रीत होती. मृग निघाला की वाडीतली सगळी जाळी आढ्याला टांगली जायची आणि ती पोळ्याला उतरायची. मधले दिवस बायांच्या फुटाण्यांवर आणि मिळेल त्या मजुरीवर काढायचे. लढाईच्या दिवसांत धान्य रेशनवर होतं, पोरांची पोटं खपाटीला गेलेली असायची आणि समोर नदी गाभोळी धरलेल्या माशांनी भरून वाहत असायची. मी एकदा म्हटलं, मामा, यंदा तरी टाका जाळं. ते म्हणाले, "डोह बाळंत हाय, भाऊसाहेब. बाळंतिनीच्या खोलीत जाळं घिऊन कोन जातं?" मग माझ्या कचेरीच्या डब्यात मूठभर फुटाणे टाकून म्हणाले, खा, आम्हीही हेच खातोय.

रामा गेला तो भाद्रपदात. पोळा होऊन जाळी उतरली होती. बुडालेल्या एका बाभळीत जाळं अडकलं म्हणून तो खाली उतरला आणि वर आलाच नाही. पाय त्याच जाळ्यात गुंतला होता. जाळं मामांनी स्वतः विणलेलं होतं. पाणी गढूळ आणि ओढीचं, पोरगं तिसऱ्या दिवशी सापडलं. भोपळ्यांची सांगड छातीखाली घेऊन शोधणारे, बुडी मारणारे आणि त्याला वर आणणारे मामाच होते. दुसऱ्या कुणाला त्यांनी पाण्यात उतरू दिलं नाही. रामाला काठावर ठेवल्यावर त्यांनी आधी त्याच्या पायातलं जाळं सोडवलं. चाकू दिला तर घेतला नाही, एकेक गाठ बोटांनी सोडवत बसले. ते बघवत नव्हतं आणि कुणी तिथून हलतही नव्हतं.

त्या वाडीत अशी रीत होती, की डोहाने घरचं माणूस घेतलं तर वर्षभर डोह बंद. त्यात जाळं पडायचं नाही. आणि त्या वर्षात वाडीतल्या कुणी काठावर बुडालेल्याचं नाव घ्यायचं नाही की त्याच्या जाण्याचं बोलायचं नाही. नाव ऐकलं की तो वर यायला धडपडतो आणि त्याची सुटका होत नाही, असं ते मानत. वर्ष भरलं की घरच्या कर्त्या माणसाने एक जाळं टाकायचं, येईल ते सोडून द्यायचं, बुडालेल्याला एकदा नावाने हाक मारायची, आणि मग डोह सगळ्यांना मोकळा. भागामामी, म्हणजे मामांची बायको, घरात रामाचं नाव घेऊन रडायची. मामा घरातही फारसे बोलत नसत, आणि नावेत तर नाहीच. रामाचा पाय ज्यात गुंतला होता ते जाळं मात्र त्यांनी जाळलं नाही की पुरलं नाही. वर्षभर ते दुरुस्त करत बसायचे. रोज दोन-चार गाठी, जास्त नाही.

वाडीने रीत पाळली. काही जण साखर कारखान्याच्या मळ्यावर ऊस तोडायला गेले, काही वरच्या डबक्यांतून हाती येईल ते धरायला लागले. कुरकुर होती. मामांचा पुतण्या किसन माझ्याजवळ म्हणाला होता, की चुलत्याचं दुःख आम्हाला कळतं, पण पोटाला कुणी समजवायचं? तरीही त्याने जाळं टाकलं नाही.

आणि नेमका त्याच हिवाळ्यात वरून हुकूम आला.

लढाईच्या काळात अन्न कमी पडतंय म्हणून सरकारने नदीचे डोह लिलावाने ठेकेदारांना द्यायला सुरुवात केली होती. आमच्या खालचे तीन डोह तसेच गेले होते. पण लढाई संपल्यावर कुणा शहाण्याच्या ध्यानात आलं असावं, की यात काठावरचा मासेमार उपाशी मरतो. म्हणून हुकूम निघाला, की ज्या डोहावर स्थानिक मासेमार लोकांची बारा वर्षांची सलग वहिवाट असेल, तो लिलावात न काढता त्यांनाच द्यावा. प्रांतसाहेब जागेवर येऊन चौकशी करतील. त्या हुकुमाची नक्कल मीच केली. सरकारी कागद वाचून आनंद झाल्याचा प्रसंग माझ्या नोकरीत तेवढा एकच. संध्याकाळी नावेत बसल्या बसल्या मी मामांना सांगितलं, की शेंदऱ्या आता कायमचा तुमचा, कागदोपत्री. ते म्हणाले, "आमचा कसा? आमी त्याचे." पण वल्हं जरा जोरात पडत होतं.

मी त्यांना पढवलं. साहेब विचारतील, किती पिढ्या मासे धरता? सांगा, आजापणजापासून. साहेब विचारतील, दरसाल धरता का, खंड पडला का? तुम्ही फक्त दरसाल धरतो म्हणा आणि गप्प बसा. पावसाळ्याचं बोलू नका, या वर्षाचं बोलू नका. मामा ऐकत होते. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याला मी होकार समजलो, कारण मला तो तसा हवा होता.

आणखी एक अक्कल मी चालवली. चौकशी कचेरीत व्हायची होती. मीच माझ्या वरच्या अवल कारकुनांना सुचवलं, की डोहाच्या काठावर ठेवू या. साहेबांना नाव, जाळी, वाडी सगळं समोर दिसेल आणि काम सोपं होईल. ते त्यांना पटलं. मी माझ्यावरच खूश होतो.

चौकशीच्या दिवशी शेंदराच्या धोंड्याजवळ टेबल-खुर्ची टाकली होती. प्रांतसाहेब वाईट माणूस नव्हते. त्या दिवशी त्यांना आणखी दोन गावं करायची होती, म्हणून घड्याळाकडे बघत होते, इतकंच. वाडी एका बाजूला बसलेली. दुसऱ्या बाजूला नगरकडचा एक ठेकेदार छत्री उघडून उभा. जबाब लिहून घ्यायला मी. मामा धुतलेलं धोतर नेसून आणि ठेवणीतला पटका बांधून आले होते. शपथ झाली. किती पिढ्या, तर आजापणजापासून. साहेबांनी मान डोलावली आणि मी लिहिलं. मग साहेबांनी विचारलं, दरसाल धरता? या वर्षी धरता आहात?

मामांनी डोहाकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

"न्हाई सायब. यंदा डोह बंद हाय."

"बंद म्हणजे? कुणी केला बंद?"

"आमीच केला."

"का?"

मामांचे ओठ हलले. मी समोरच होतो, मला दिसलं. पण आम्ही काठावर होतो. पाणी दहा हातांवर होतं आणि वर्ष भरायला अजून सात-आठ महिने होते. ते नाव तिथे घेणं त्यांना शक्य नव्हतं, आणि नाव टाळूनही ती गोष्ट तिथे काढता येत नव्हती.

"रीत हाय आमची," ते म्हणाले.

साहेबांनी पुन्हा विचारलं, याआधीही कधी असा बंद ठेवला होता का? मामांनी तेही सांगितलं. त्यांच्या तरुणपणी चुलता गेला तेव्हा, आणि पाच सालांमागे किसनचा बाप गेला तेव्हा. मात्र चुलता गेला, किसनचा बाप गेला, असं नाही, कारण त्यातून यंदाचंही उघड झालं असतं. नुसतं, "तवा बी बंद हुता." पावसाळ्याचं कुणी विचारलं नव्हतं, तेही सांगून टाकलं. ठेकेदाराने छत्री मिटली. साहेब म्हणाले, मनाला येईल तेव्हा धरतात आणि मनाला येईल तेव्हा सोडतात, याला सलग वहिवाट कसं म्हणायचं? ते रागाने बोलले नाहीत. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मला कळलं होतं. साहेब, याचा मुलगा या डोहात गेला, म्हणून हा बंद आहे, आणि इथे उभं राहून त्याला ते सांगता येत नाही, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. मी कारकून होतो, आणि कारकुनाने विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. माझी नोकरी कायम व्हायची होती. मी टाक दौतीत बुडवला आणि 'डोह बंद आहे, कारण सांगत नाही' असं लिहिलं. जबाब वाचून दाखवला. मामांनी अंगठा दिला. आपण कुणाचा खून केला नाही असं माणसाला छातीवर हात ठेवून सांगता येतं, पण असल्या गोष्टींचं काय करायचं ते कुठल्याच किताबात सांगितलेलं नाही.

परत जाताना नावेत मी त्यांच्यावरच चिडलो. तुमच्या एका शब्दाने वीस घरं बुडाली, म्हटलं. वल्हवता वल्हवता ते म्हणाले, "डोह ऐकत हुता, भाऊसाहेब. त्याच्याम्होरं त्याच्याच नावानं खोटं कसं बोलू?" मी म्हटलं, निदान खरं कारण तरी सांगायचं. माझ्या तोंडावर फेकावं असं उत्तर त्यांच्याजवळ होतं, की तुला तर माहीत होतं, तू का नाही सांगितलंस? ते त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चैत्रात डोह लिलावात गेला. छत्रीवाल्याने घेतला. वाडीतल्या जवान पोरांना त्याने मजुरीवर ठेवलं आणि किसनला राखणदार केलं, कारण चोरून जाळं कोण कुठून टाकेल हे त्याला ठाऊक असणार. मृग निघाला तरी जाळी थांबली नाहीत. एका सकाळी घाटावर माशांच्या पाट्या उतरवल्या होत्या. पोट फुटलेल्या एका मरळीतून अंड्यांची गाभोळी बाहेर आली होती. मामा तिच्यापुढे उकिडवे बसले होते. त्यांनी पिवळे दाणे ओंजळीत उचलले, पाण्यापर्यंत नेले आणि सोडले. त्याचा काही उपयोग नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

वाडीने त्यांना बोल लावला नाही. पण पूर्वी संध्याकाळी त्यांच्या दारात जाळी विणायला पाच-सहा जण बसायचे, ते बसेनासे झाले. एकदा भागामामी नावेतून बाजाराला निघाली होती. ती मला म्हणाली, की पोरगं डोहाने नेलं ते तरी समजतं, पण डोह कुणी नेला तेच समजत नाही.

भाद्रपद जवळ आला तसे मामा एक दिवस कचेरीत आले. पाच वर्षांत पहिल्यांदाच पायरी चढून आत आले होते. अर्ज लिहून हवा होता. एक जाळं टाकायची परवानगी. एकच, आणि येईल तो मासा लगेच परत सोडायचा, घरी न्यायचा नाही. मी अर्ज लिहिला आणि या वेळी कारणही नीट लिहिलं. तो वर गेला. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण याचं उत्तर आठ दिवसांत आलं. ठेक्याच्या मुदतीत ठेकेदाराखेरीज कुणालाही जाळं टाकू देण्याची तरतूद नाही. तो कागद मीच त्यांना वाचून दाखवला. त्यांनी घडी घालून पटक्यात खोचला.

वर्ष भरलं तो दिवस रविवार होता. पाऊस त्या साली असा-तसाच झालेला. भाद्रपद असूनही घाटाखालची वाळू उघडी होती. मी गेलो, कारण न जाणं जमलं नाही. मामा ते जाळं खांद्यावर घेऊन आले होते. सगळ्या गाठी पुऱ्या झाल्या होत्या, शिशाचे मणी नवे ओवले होते. भागामामी जरा लांब बसली होती. किसन हातात काठी घेऊन डोहाच्या तोंडाशी उभा होता. त्याने चुलत्याला बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काठी खाली ठेवली.

"तात्या, टाका," तो म्हणाला. "मी त्या अंगाला जातो. मी काय बगितलं न्हाई."

मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू न्हाई बगनार. पर डोह बगतोय का न्हाई? चोरून टाकलेलं जाळं त्याला कसं चालंल? आनि तुजी भाकर कशाला घालवू?"

ते पाण्यापासून मागे आले, पंधरा-वीस पावलं. वाळूच्या पट्ट्यावर उभे राहिले. दोरी मनगटाला बांधली, जाळ्याची एक कड दातांत धरली, कमरेतून वळले आणि जाळं फेकलं. ते पूर्ण उघडलं, गोल, आणि कोरड्या वाळूवर पडलं. मणी वाळूवर टपटप वाजले. पाण्यात बुडायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ त्यांनी दोरी सैल ठेवली, मग हळूहळू ओढून घेतली. जाळ्यात दोन शिंपले आणि एक काटकी आली होती. ते त्यांनी दोन्ही हातांत घेतलं, डोहाशी गेले, "तुजं तुला" म्हणाले आणि सोडलं.

मग त्यांनी हाक मारली. "रामा." एकदाच, आणि मोठ्याने नाही, जेवायला बोलवावं तशी. भागामामीने पदर तोंडात कोंबला.

मी जायला वळलो होतो. मामा माझ्याजवळ आले. हाताला वाळू लागली होती ती त्यांनी धोतराला पुसली, आणि शपथेच्या वेळी उभे राहिले होते तसे समोर ताठ उभे राहिले.

"भाऊसाहेब, आता लिवा," ते म्हणाले. "आता सांगता येतं. माजा रामा गेल्ता, म्हनून डोह बंद हुता."

माझ्याजवळ कागद नव्हता, टाक नव्हता. चौकशीचं दप्तर बांधून नगरला गेलेलं होतं. ते वाट बघत होते.

"लिहितो, मामा," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, जाळं खांद्यावर टाकलं आणि वाडीच्या वाटेला लागले.